पूल पुख्ता आणि भोजाचे बांध
(महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोपाळच्या एखाद्या जुन्या वास्तूविषयी बोलावे अशी मला आज्ञा झाली. मशिदी आणि महाल यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. मी पूल निवडला आहे. धाकट्या तलावाच्या खालच्या अंगाचा पूल पुख्ता आपल्यापैकी अनेकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच आहे, आणि म्हणूनच तो कोणी पाहत नाही.

प्रथम नावाविषयी. फारसीत पुख्ता म्हणजे शिजलेला, पिकलेला, म्हणून पक्का. आपण ज्याला पोक्त माणूस म्हणतो, तो पोक्त याच शब्दातून आला. पूल शब्दही फारसीच. कमान, महिरप, गिलावा, दरज हे शब्द परत करायचे ठरले, तर आपल्या गवंड्याला खुणांनी काम चालवावे लागेल!

हा पूल नवाब हयात मुहम्मद खान यांच्या कारकिर्दीत, त्यांचे दिवाण छोटे खान यांनी १७९४ च्या सुमारास बांधविला. पूल म्हणतात खरे, पण काम बांधाचे आहे: पाणी अडवायचे आणि माथ्यावरून माणसे न्यायची. याच्याच योगाने धाकटा तलाव झाला. त्याचे जादा पाणी पात्रा नाल्याने हलाली नदीकडे जाते. हे छोटे खान जन्माने ब्राह्मण होते. नवाबांच्या घराण्यात वाढले आणि दिवाणपदाला चढले.

आता थोडे वर, मोठ्या तलावाकडे चला. दोन्ही तलावांमधला बांध पुलाहून सुमारे साडेसातशे वर्षांनी जुना. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याचे नाव त्याला परंपरेने जोडलेले आहे. कोलांस नदी पूर्वी हलालीला मिळत असे. हा बांध आणि पाणी वळविणारा एक पाट यांच्या योगे तिचे पाणी दक्षिणेकडे कलियासोतीत गेले. म्हणजे एका खोऱ्यातली नदी उचलून दुसऱ्या खोऱ्यात ठेवली. १९५६ साली कचेऱ्यांबरोबर नागपूरहून जी मराठी कुटुंबे येथे आली, तीही याच तलावाचे पाणी प्याली.

कलियासोतीला पाणी दिले ते कशासाठी? येथून सुमारे २८ किलोमीटरवर, बेतवेच्या काठी भोजपूरला याचे उत्तर आहे. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्याला दोनच तोंडे होती, एक सुमारे १०० यार्डांचे, दुसरे ५०० यार्डांचे. ती दोन बांधांनी बुजविली. मध्ये मातीचा भराव आणि दोन्ही अंगांना वालुकाश्माचे प्रचंड चिरे. कित्येक चिरे ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट जाड. दरजांत चुन्याचा कणही नाही. माती पाणी धरते आणि दगड माती धरतो. आखूड बांध ४४ फूट उंच, तर तळाशी ३०० फूट रुंद. मातीच्या बांधाचा खरा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. म्हणून शेजारच्या टेकडीच्या अखंड खडकात सांडवा खोदून काढला आहे. मला विचाराल तर सर्वांत मोठी करामत ती. मागे साठलेले पाणी सुमारे २५० चौरस मैलांचे होते असे इंग्रजी अमदानीतले गॅझेटियर सांगते. एकट्या बेतवेने ते भरेना, म्हणून कलियासोतीची भर.

ते तळे आज नाही. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने आखूड बांध फोडला असे सांगतात. भोजपूरची सहल नेली की वर्गातला एखादा मुलगा हळूच विचारतो, "सर, हे मुसलमानांनीच फोडलं ना?" माझे नाव त्याला ठाऊक असते, म्हणून हळू विचारतो. मी त्याला मोठ्याने उत्तर देतो: होय, एका मुसलमान सुलतानाने फोडले. मग पुढचेही ऐक. गोंडांची दंतकथा अशी की त्यांची फौज तीन महिने बांध फोडीत होती, तळे रिकामे व्हायला तीन वर्षे लागली, आणि तळाची जमीन वस्तीला यायला तीस. हे जाणून केले की रागाच्या झटक्यात, असा प्रश्न गॅझेटियरकारांनाही पडला. मला तो पडत नाही. राग तीन महिने कुदळ मारीत नाही. उघडी पडली ती अतिशय सुपीक जमीन, आणि ती सुलतानाच्या राज्याला जोडली गेली. शिवाय भोपाळचा बांध कोणी फोडला नाही. पुढच्या राज्यकर्त्यांनी तो राखला, आणि त्याच्या खाली छोटे खानांनी आणखी एक बांधला. १९६५ साली भदभद्याला दरवाजांचे धरण झाले. मोठ्या तलावाचे जादा पाणी आता त्यातून कलियासोतीत सोडतात. बांधकाम अजून चालूच आहे म्हणायचे.

अनेक मुले पुढचा प्रश्न विचारतात तो चुन्याविषयी: "मग दगड पडत का नाहीत, सर?" तेव्हा मला बरे वाटते. हिवाळ्यात भोजपूरला जाणाऱ्यांनी मुलांबरोबर वीस हात दोरी द्यावी. एक चिरा मापून, त्याचे वजन किती भरेल याचे गणित त्यांना तेथेच, बांधावर बसून करू द्यावे.