हिरव्या दिव्यातले सात सेकंद

रस्ता म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाहने येतात, माणसे येत नाहीत. पण २०२२ साली आपल्या देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतला जवळजवळ दर पाचवा माणूस पायी चालणारा होता.

मी पुणेकर. एके काळी हे सायकलींचे शहर. रात्री दिव्याविना किंवा डबलसीट निघालात, तर पोलीस चाकातली हवा सोडत. आता सायकलस्वाराला कुणी अडवत नाही, कारण तो कुणाच्या खिजगणतीतच नाही.

थोडे गणित करू. चौकातल्या दिव्याची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे अठरा मीटरचा रस्ता ओलांडायला पंधरा सेकंद. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला तेवढ्यालाच साडेबावीस सेकंद लागतात. वरचे सात-साडेसात सेकंद त्याने आणायचे कुठून? गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या सौभाग्यवतींचे असेच झाले आहे. समोरची भाजी मंडई त्यांच्यासाठी परगावी गेली.

दुसरे गणित वेगाचे. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. ६० च्या वेगाला जवळजवळ सतरा मीटर. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. शाळा, दवाखाना, मंडई यांच्या आसपास गाडी हळू चालवा, असे सांगतात ते एवढ्याचसाठी.

आपल्या हातातही काही आहे. पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. उभ्या बसच्या पुढून रस्ता ओलांडू नये. सायकलवाल्यांनी नुसत्या रिफ्लेक्टरवर विसंबू नये. त्याच्यावर उजेड पडला तरच तो चमकतो, म्हणून पुढे-मागे दिवा हवाच. उभ्या मोटारींच्या अगदी जवळून जाऊ नये, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो.

मात्र सारा भार चालणाऱ्यावर टाकून भागणार नाही. पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. प्रत्यक्षात तिथे दुचाक्या उभ्या असतात, नाहीतर वृद्धांना चढताच येणार नाही इतका तो उंच असतो. अडथळामुक्त पदपथ हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

तेव्हा आपल्या चौकातला हिरवा दिवा किती सेकंद राहतो, ते एकदा घड्याळ लावून मोजा. कमी पडत असेल, तर महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना लेखी कळवा. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका.