बकासुराचा गाडा



आपले केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी, अशी या भागातील श्रद्धा आहे. बकासुराची कथा येथे लहान मुलासही ठाऊक असते. गावातून रोज गाडाभर अन्न निघत असे, म्हणजे अन्न पिकत होते. ते कोणाच्या मुखी पडते, हाच प्रश्न होता.

आजच्या शहराचा प्रश्नही आम्हांस हाच दिसतो. येथून पन्नासेक किलोमीटरवर नागपूर. तेथे कळमन्याच्या बाजारात धान्याच्या, भाजीच्या राशी पडतात. परंतु हातावर पोट असलेला मजूर महिन्याचा किराणा एकदम भरू शकत नाही. संध्याकाळी मजुरी हाती आली, की तो तेलाची लहान पुडी, पावभर डाळ, चार कांदे घेतो. असा सुटा माल महागच पडतो. म्हणजे ज्याच्या गाठी पैसा कमी, तोच किलोमागे अधिक पैसे मोजतो!

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्याची हमी दिली. २०२३ पासून ते विनामूल्य झाले. २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तीत पोळी-भाताबरोबर भाजी आणि वरणही होते. पण पोट भरणे निराळे आणि अन्न अंगी लागणे निराळे. डाळ, पालेभाजी, फळ यांवाचून नुसत्या गहू-तांदळावर पोर धड वाढत नाही, बाळंतिणीच्या अंगात रक्त होत नाही.

१९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत हातसडीच्या तांदळाचा, जात्याच्या पिठाचा, घाणीच्या तेलाचा पुरस्कार झाला, तो गरिबाचे अन्न निःसत्त्व होऊ नये म्हणून. आज हेच जिन्नस शहरातील झगमगीत दुकानांत चढ्या भावाने विकले जातात. ज्वारीची भाकर श्रीमंतांच्या पथ्याची झाली. आणि आपल्या शेतांतही सोयाबीनने तिची जागा घेतली.

मग उपाय काय? अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचे नाव आहे. तेव्हा रेशनवर ज्वारी आणि तिच्या जोडीला तूरडाळ नियमित मिळावी, अशी मागणी शहराने व खेड्याने मिळून करावी. २०१६ साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या बंधनातून मोकळा केला. त्याचा लाभ घेऊन आपण शेतकऱ्यांनी सहकाराने आठवड्यास एक गाडी भरावी, ती मजूर वस्तीत उभी करावी, आणि पावभरासही किलोचाच भाव लावावा. मधली दलाली वाचली, तर शेतकऱ्यास दोन पैसे अधिक मिळतील, मजुराचे दोन पैसे वाचतील. हा दानधर्म नव्हे, चोख व्यवहार आहे.

एकचक्रेचा गाडा भयाने निघत असे. आपला गाडा आपल्या खुशीने निघावा आणि भुकेल्याच्या दारी जावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.