संगणकातील ग्रंथाचा ठसा



आम्ही व्यवसायाने डॉक्टर. संगणकशास्त्राचे अधिकारी नव्हे. परंतु कतारला येताना पेटीत न मावलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड आपल्यापैकी अनेकांप्रमाणे आम्हीही संगणकात ठेवले आहेत. गेल्या वर्षी येथे दोह्यात एका स्नेह्यांकडे चौथ्या खंडाची फाइल पाहिली. नाव तेच, मुखपृष्ठ तेच. दोन्ही फाइलींचा 'हॅश' काढला, तो जुळेना.

हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. फाइल केवढीही असो, 'शा-२५६' ही गणिती रीत तिच्यातून ६४ अंक-अक्षरांची ओळ काढते. एक स्वल्पविराम बदलला तरी सारी ओळ पालटते. आणि अंगठ्यावरून जसा माणूस उभा करता येत नाही, तशी ओळीवरून फाइलही. विंडोजमधील 'सर्टयूटिल' ही आज्ञा हे काम क्षणात करते. जुन्या रीतींवर मात्र विसंबू नये. २००४ साली श्याओयुन वांग व सहकाऱ्यांनी 'एमडी-५'चे दोन भिन्न मजकुरांचे ठसे एकच करून दाखविले. २०१७ साली 'शा-१'चीही तीच गत झाली.

ठसा जुळला नाही म्हणजे लबाडीच झाली, असे नव्हे. आमच्या कन्येने काही ओळी पिवळ्या करून फाइल जतन केली होती, तेवढेही पुरते. परंतु पाने ताडताना दुसरा फरक आढळला. वसंत मून यांनी संपादिलेला हा खंड महाराष्ट्र शासनाने १९८७ साली काढला, तेव्हा राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून केवढे वादळ उठले, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे त्या परिशिष्टावर, शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप आली. आमच्या प्रतीत ती टीप होती, स्नेह्यांच्या प्रतीत नव्हती! यंत्राने फरक आहे एवढेच सांगितले; तो कोणता, हे आम्हांला चष्मा लावूनच शोधावे लागले.

आणखी एक. फाइल ज्या वाटेने आली, त्याच वाटेने तिचा ठसा घेऊ नये; फाइल बदलणारा सोबतचा ठसाही बदलील. तो दूरध्वनीवरून विचारावा. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून धाडलेला दाखला आकसतो व ठसा मोडतो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून धाडल्यास टिकतो. हे किरकोळ समजू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यातही हॅश नोंदवावा लागतो.

आमच्याकडील खंडांचे ठसे आम्ही वहीत उतरवून आणले आहेत. चहाच्या वेळी आपापले लॅपटॉप घेऊन यावे, ताडून पाहू.