शनिवारी थांबणारा घाणा



ज्यू धर्माविषयी युनियनवाल्याने काय बोलावे, असे पुष्कळांच्या मनात आले असेल. हिब्रू आम्हांला येत नाही; आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशीच झाले. पण वाळूजच्या एका कारखान्यात सुट्टीच्या दिवशीही सक्तीने कामावर बोलावू लागले. त्या भांडणात, आठवड्याची सुट्टी मुळात आली कोठून, हे शोधीत आम्ही अलिबागच्या बेने इस्रायलांपर्यंत पोचलो.

त्यांची परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे ही माणसे कोकणात तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली, गावांवरून किहीमकर, पेणकर झाली. हिब्रू जवळजवळ विसरली. 'शेमा' ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवार एवढे मात्र टिकले. शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. (सोमवारी बैल न जुंपणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'.)

आता मनात आणा. गिऱ्हाईक दारात उभे, घरात पैशाची चणचण, आणि घाणा थांबलेला. धंद्याच्या हिशेबात तो दिवस फुकट गेला. त्याच दिवसाला ज्यू परंपरा राणी म्हणते, आणि शुक्रवारी सूर्य मावळताना तिचे स्वागत करते! बायबलातील अनुवादाच्या पुस्तकात या विसाव्याची आज्ञा आहे. तीत मालकाबरोबर दास, दासी, परका आणि बैलसुद्धा आहे. कारण असे दिले आहे की, तुम्हीही मिसरात गुलाम होता. घाण्याचा बैल म्हणजे राबणे, एवढेच आपण जाणतो. कोकणात तो बैल दर शनिवारी मोकळा उभा असे.

ताल्मूदात नहूम नावाचे एक सत्पुरुष आहेत. कोणतेही संकट आले तरी हेही भल्यासाठीच, असे ते म्हणत. येथे आमचे मन अडते. ज्याचा पगार थकला आहे त्याला हे सांगायला आमची जीभ रेटत नाही. पण त्याच अनुवादात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या, अशीही आज्ञा आहे. आणि अब्राहाम तर सदोम नगर वाचावे म्हणून देवाशीच घासाघीस करतो. पन्नास नीतिमानांपासून दहांवर आणतो. वाटाघाटीला बसणाऱ्या आम्हां माणसांना हा प्रसंग लगेच कळला. तेव्हा सोसणे आणि भांडणे ही दोन्ही त्या धर्मात भक्तीच आहे, असे आम्ही समजतो.

मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. देवाच्या आज्ञेने मिळालेला दिवस येथे माणसांना मागून घ्यावा लागला.

बेने इस्रायलांपैकी बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेले. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तेथे सिनेगॉग आहे.

आमच्या भांडणातल्या एका कामगाराला आम्ही विचारले, सुट्टी मिळाली तर काय करशील? तो म्हणाला, "काही नाही, साहेब. घरी बसेन. पोरगी म्हणते, तुम्ही बसलेले मी पाहिलेच नाही."