सरकारी शाळा कोणासाठी निघाली?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



इंग्रज आले नसते तर आपल्या हाती पाटी आली नसती, असे आपण सहज बोलून जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ती पाटी इंग्रजाने आपल्यासाठी आणली होती काय, हे जुने कागद उघडून पाहिले पाहिजे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. १८२१ साली कंपनी सरकारने पुण्याच्या विश्रामबागवाड्यात विद्यालय काढले, ते संस्कृत पाठशाळेचे. पैसा पेशव्यांच्या दक्षिणा फंडाचा. म्हणजे राज्य बदलले, दक्षिणा घेणारे बदलले नाहीत! गव्हर्नर एल्फिन्स्टन हा तसा उदार गृहस्थ. पण त्याने आपल्या शिक्षणविषयक टिपणात लिहून ठेवले की, खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात असे मिशनऱ्यांना आढळते. तरी आपले शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर ते पुढे पसरणार नाही, म्हणून जपून राहावे. मुले हुशार हे मान्य, तरी आधी त्यांना नको.

१८३५ साली मेकॉलेने तर स्पष्टच सांगितले की सर्व जनतेला शिकविणे शक्य नाही, राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये दुभाष्यांचा एक वर्ग तयार करावा. मुंबई इलाख्यात १८४० ते १८५५ या काळात बोर्ड ऑफ एज्युकेशनचा कारभार होता. त्याचेही धोरण तेच. पैसा थोडा आहे, तो वरच्या वर्गावर खर्च करावा, विद्या तेथून खाली झिरपेल. ज्यांनी आम्हाला पाणवठ्याला शिवू दिले नाही, त्यांच्याकडून विद्या झिरपणार होती!

आता धारवाडची हकीकत ऐका. जून १८५६ मध्ये एका महार विद्यार्थ्याने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने उत्तर दिले ते असे, की न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, परंतु एकासाठी दार उघडले तर बाकीची मुले शाळा सोडतील. अर्ज नामंजूर. शाळा सरकारची, खर्च रयतेचा, आणि दारावर पहारा जातीचा. पुढे वरिष्ठांकडून सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचा निर्वाळा आला. पण दार उघडले म्हणजे बाक मिळाले असे नव्हे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नसे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, ते आमच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला होतो, हा त्यांचा आरोप होता. त्यांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हटले, शेतकरी वर्गातून शिक्षक घ्या म्हटले, आणि हिशेब, शेती, आरोग्य, नीती असे विषय सुचविले. शाळा बंद करा, असे ते म्हणाले नाहीत.

बाबासाहेबांनीही १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात सरकारलाच जाब विचारला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अवघी अठरा पोहोचतात, हा आकडा त्यांनी मांडला. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही दाखविले. मुलाला अक्षर कायमचे येईपर्यंत शाळेत टिकवून धरणे, हा त्यांच्या मते प्राथमिक शिक्षणाचा हेतू होता.

हे सांगण्याचे कारण असे की, आज सरकारी शाळेवर टीका करणारे पुष्कळ आहेत. ही शाळा मेकॉलेची, ती कारकून तयार करते, तिचा काय उपयोग, असे ते म्हणतात. यातील बरीच टीका आम्हालाही मान्य आहे. परंतु असे बोलणाऱ्यांची मुले कोठे शिकतात, हे एकदा विचारून पाहा. २०२३ साली राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. कागदावर योजना चांगली दिसते. पण तांड्यावरची, पाड्यावरची मुलगी रोज लांबच्या शाळेत जाईल की घरी बसेल, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. शाळा मुळात आमच्यासाठी निघाली नव्हती. दीडशे वर्षे झगडून ती आम्ही आमची केली. ती अशी हातची जाऊ द्यायची काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत, दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला जातात? सभासदांनी पुढील मासिक सभेपूर्वी आपापल्या वस्तीतील शाळेत जाऊन समितीचे इतिवृत्त पाहावे, आणि पट किती, शिक्षकांची किती पदे रिक्त, पिण्याच्या पाण्याची सोय कशी, याची नोंद करून ती कार्यवाहांकडे द्यावी.