भूगर्भशास्त्रज्ञाचे शास्त्रदान



नेरच्या शेतकरी घरांतील विद्यार्थ्यांनी खनिज तेलाचे भूगर्भशास्त्रज्ञ एव्हरेट ली डीगोलियर यांचे चरित्र अवश्य जाणावे. १८८६ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, गवताळ मातीच्या ढेकळांनी रचलेल्या घरात ते जन्मले. १९१० मध्ये नेल गुडरिच यांच्याशी विवाह झाला; त्याच वर्षअखेर त्यांनी मेक्सिकोत निश्चित केलेल्या जागी तेलाची प्रचंड विहीर लागली. तेव्हा ते पदवीधरही नव्हते! तरी शिक्षण अर्धवट न सोडता १९११ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतलीच. पुढे विपुल द्रव्य मिळाले. चार अपत्यांच्या या गृहस्थाने १९४९ पासून विज्ञानेतिहासाचे दुर्मीळ ग्रंथ त्याच विद्यापीठास अर्पण केले. आपल्या परंपरेत यासच शास्त्रदान म्हणतात. तो ग्रंथसंग्रह आजही तेथील अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहे.