दूरच्या प्रवासासाठीं मोटारसायकलचे टायर

मोटारसायकल घेतांना मनुष्य तिचें इंजिन पाहतो, रंग पाहतो, आवाजहि कान देऊन ऐकतो. टायरांकडे मात्र ते झिजून गुळगुळीत होईपर्यंत त्याचें लक्ष जात नाहीं. वास्तविक, वाहन, त्यावरील माणसें आणि सामान या सर्वांचा जमिनीशीं संबंध येतो तो केवळ दोन तळहातांएवढ्या जागेपुरता. मुंबईहून लेहला जाऊन परत येणारा स्वार सुमारें ५,००० किलोमीटरचा पल्ला याच दोन तळहातांच्या भरंवशावर गांठतो. अशा प्रवासास टिकाऊ टायर कसा निवडावा, याचा विचार श्रोत्यांनीं अवश्य करावा.

कच्चें रबर उन्हानें चिकट होतें आणि थंडीनें कडक बनतें. गंधकासह तापविलेलें रबर या दोन्ही दोषांतून सुटतें, हें चार्ल्स गुडइयर यांना १८३९ सालीं आढळलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवा भरलेली धाव सायकलीसाठीं तयार केली. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रबरांत काजळी मिसळूं लागले व त्यामुळें त्याची झीज पुष्कळ कमी झाली. टायराचा काळा रंग हा त्या काजळीचाच होय.

तथापि एक अडचण उरलीच. कठीण रबर सावकाश झिजतें, पण ओला रस्ता घट्ट धरीत नाहीं. मऊ रबर रस्ता धरतें, पण लवकर संपतें. म्हणजे टिकाऊपणाची किंमत पकडीच्या रूपानें द्यावी लागते. यावर कारखानदारांनीं तोड काढली ती अशी, कीं मधला पट्टा कठीण रबराचा व दोन्ही कडा मऊ रबराच्या. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजतो; वळणावर गाडी कलते तेव्हां कडा कामास येतात. रबरांत सिलिका घातल्यानें ओल्या रस्त्यावरची पकडहि सुधारते. दूरच्या प्रवाशानें शक्य तर याच जातीचा टायर शोधावा.

त्यानंतर नक्षीचा प्रश्न. मोठ्या, सुट्या ठोकळ्यांची नक्षी चिखलांत उत्तम. परंतु डांबरी रस्त्यावर ते ठोकळे झपाट्यानें झिजतात. लेहच्या वाटेचा फार मोठा भाग डांबरी आहे. मनालीच्या पुढें मात्र मधून मधून खडी, चिखल आणि वितळत्या बर्फाचे ओहोळ लागतात. थोड्या खडीसाठीं साऱ्या डांबराचा तोटा करून घेणें शहाणपणाचें नाहीं. येथें मध्यम नक्षीच इष्ट.

टायराच्या कडेवरील अंक हे त्याचें जन्मटिपणच असतें. समजा, तेथें ‘१२०/९०-१७ ६४ एस’ असें लिहिलें आहे. तर रुंदी १२० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि चाकाचा व्यास १७ इंच. ६४ हा अंक २८० किलोग्रॅमची भारमर्यादा दाखवितो, तर ‘एस’ हें अक्षर ताशीं १८० किलोमीटरची वेगमर्यादा. मागें सोबती आणि दोन्ही बाजूंस पेट्या असल्यास ही भारमर्यादा पाहिल्यावांचून टायर घेऊं नये. शेवटचे चार अंक जन्मकाल सांगतात: ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेलें रबर न वापरतांच कडक होतें.

निवड कितीहि चांगली असली, तरी हवा कमी असेल तर ती फुकट जाते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतो, तापतो आणि लवकर झिजतो. राजस्थानच्या उन्हांत भरल्या गाडीवर तो फुटण्याचेंहि भय असतें. म्हणून हवा नेहमीं सकाळीं, टायर थंड असतांना, कारखान्यानें भारानुसार सांगितलेल्या मापाप्रमाणें पाहावी.

डोंगरांत आणखी एक फसगत होते. खारदुंग ला खिंडींत बाहेरील हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें निम्मा असतो. त्यामुळें टायरांत नवी हवा न भरतांहि मापक दर चौरस इंचास सुमारें सात पौंडांपर्यंत अधिक दाब दाखवूं शकतो; थंडीनें त्यांतला बराच भाग पुन्हां उतरतो. घाबरून तेथें हवा सोडणारा प्रवासी मैदानांत उतरतांच कमी हवेवर धांवूं लागतो. सोडलेली हवा खालीं येतांच भरून घ्यावी.

नवा टायर निघण्याच्या आदल्या रात्रीं बसवूं नये. त्याचे पहिले शंभर-दीडशें किलोमीटर घराजवळच बेतानें चालवून काढावेत. मागच्या चाकावर इंजिनाचा जोर आणि बहुतेक ओझें असल्यामुळें तें आधीं झिजतें. मधला भाग सपाट झाल्यास गाडी वळणावर अडखळूं लागते. दुचाकीच्या टायराची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी, असा भारतांतील नियम आहे. परंतु पावसाळी रस्त्यावर पाणी बाजूस सारण्याची शक्ति त्यापूर्वींच क्षीण झालेली असते. नियमाच्या शेवटच्या रेषेपर्यंत टायर वापरून वांचलेले पैसे ही काटकसर नव्हे. दोन-चार हजार किलोमीटर कमी टिकला, तरी घाटांतील ओल्या वळणावर जो रस्ता सोडीत नाहीं आणि स्वारास घरच्या माणसांत सुखरूप आणून पोंचवितो, तोच टायर खरा टिकाऊ समजावा.